क्लासिक कोण ठरवतं? देवघेवीच्या टेबलावरून एक उत्तर

तुम्ही लिहिलंय की ‘आयुष्यात एकदा तरी वाचावीत’ अशा पुस्तकांची एक यादी तुमच्या हाती आली, त्यातली सहा तुम्ही आणलीत आणि तीन अर्ध्यावर सोडलीत. दुसरीकडे ‘अशी ही बनवाबनवी’ तुमच्या घरात आजीपासून भाचीपर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण तुम्ही तिला क्लासिक म्हटलंत तेव्हा मित्र हसले. मग तुम्ही विचारलंत: क्लासिक ठरवतं कोण? जुनं आणि जड असलंच पाहिजे का? आणि वाचताना कंटाळा आला तर दोष पुस्तकाचा की माझा?

या तिन्हींच्या मुळाशी मला एकच प्रश्न दिसतो. स्वतःच्या आवडीवर विश्वास ठेवायचा की यादीवर? व्याख्याच हवी असती तर तुम्ही शब्दकोश उघडला असता. तुम्हाला बोचतंय ते हे की सगळे ज्याला थोर म्हणतात ते आपल्याला भिडत नाही, आणि आपल्याला जे भिडतं त्याला कोणी थोर म्हणत नाही. म्हणून मी त्याच प्रश्नाला उत्तर देते.

मी अठ्ठावीस वर्षं दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. समीक्षक नाही, प्राध्यापक नाही. पुस्तक कोण नेतं, किती दिवसांनी परत आणतं, परत देताना काय बोलतं, हे मी रोज संध्याकाळी देवघेवीच्या टेबलामागे बसून पाहिलं. पुढे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी वाचन-कक्षात पडदा लावून आम्ही जुने चित्रपट दाखवायचो, तेव्हा प्रेक्षकही असेच जवळून पाहायला मिळाले. माझं सगळं म्हणणं याच अनुभवातून आलेलं आहे. मोठ्या शहरातल्या किंवा विद्यापीठातल्या ग्रंथालयात बसलेल्या माणसाला कदाचित वेगळं दिसेल, आणि तेही खरंच असेल.

आधी शब्दाचं थोडं. मराठीत आपण क्लासिकला ‘अभिजात’ म्हणतो. मूळ संस्कृत अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला, कुलीन. इंग्रजीतला शब्दही लॅटिनमधून आलेला आहे. रोममध्ये मालमत्तेनुसार नागरिकांचे वर्ग पाडलेले होते, त्यांतल्या सगळ्यात वरच्या वर्गाचं ते विशेषण. म्हणजे दोन्हीकडे शब्दाच्या पोटात घराणं आणि पैसा बसलेला आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला त्याचा मला मनापासून आनंद झाला, पण त्याचे निकष प्राचीनतेचे आहेत आणि ते भाषेपुरते ठीक आहेत. पुस्तकाला मात्र जन्माने काही मिळत नाही. कुठलंही पुस्तक छापखान्यातून क्लासिक म्हणून बाहेर पडत नाही. तुमच्या मित्रांचं हसू या शब्दातल्या कुलीनपणातूनच आलेलं आहे, असं मला वाटतं.

आता टेबलावरून जे दिसलं ते सांगते. संगणक येण्याआधी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानाला तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असायची आणि आतल्या खिशात एक कार्ड, त्याच्यावर नेणाऱ्याचा सभासद क्रमांक. गाजलेलं नवं पुस्तक आलं की पहिल्या दोन वर्षांत चिठ्ठी भरून जायची. दुसरी चिकटवावी लागायची, लोक नंबर लावून थांबायचे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तारखा विरळ व्हायच्या आणि सातव्या-आठव्या वर्षी ते पुस्तक मागच्या कपाटात जाऊन बसायचं. यात वाईट काही नाही. त्या त्या वेळी त्याने लोकांना आनंद दिला, काम झालं.

पण थोडी पुस्तकं वेगळीच वागायची. त्यांच्यासाठी कधी झुंबड उडाली नाही. वर्षाला चार-पाच तारखा. मात्र वीस वर्षं मागे गेलं तरी त्या चार-पाच तारखा असायच्याच. आणि कार्ड पाहिलं की एक गोष्ट लक्षात यायची: तोच सभासद क्रमांक आठ-दहा वर्षांच्या अंतराने पुन्हा उमटलेला आहे. म्हणजे माणूस परत आला होता. गोष्ट माहीत असूनही त्याने ते पुस्तक पुन्हा घरी नेलं होतं. शिवाय त्या कार्डावरच्या माणसांचा एकमेकांशी काही संबंध नसायचा. एक निवृत्त तलाठी, एक नर्स, एक स्पर्धा परीक्षेचा मुलगा, एक किराणा दुकानदार. एरवी त्यांची पुस्तकं कधी जुळायची नाहीत.

या चिठ्ठीवर आंधळा विश्वास ठेवू नका, हेही सांगते. पुस्तक बी.ए.च्या अभ्यासक्रमाला लागलं की परीक्षेच्या आधी दोन महिने गर्दी व्हायची आणि नंतर शुकशुकाट. त्या तारखा परीक्षेच्या, पुस्तकाच्या नव्हेत. आणि एका ठिकाणी मी स्वतः चिठ्ठीवर विसंबून मोठी चूक केली, ती पुढे सांगते.

तरीही क्लासिक कशाला म्हणायचं हे मला विचाराल तर मी दोन गोष्टी पाहते. तोच माणूस वेगळ्या वयात परत येतो आणि त्याला वेगळं काही मिळतं का? आणि एकमेकांशी काही घेणंदेणं नसलेली माणसं आपापल्या वेगळ्या कारणांसाठी त्याच्याकडे येतात का? दोन्हींचं उत्तर हो असेल, तर ते पुस्तक किती जुनं आहे आणि त्याला कुठलं पारितोषिक मिळालंय हे मी विचारत नाही.

उदाहरण माझ्याच भागातलं घेते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली. एक तरुण मास्तर धनगरांच्या एका लहानशा वाडीत शाळेवर रुजू होतो. लोक मेंढरांमागे जाणारे, शाळा नावापुरती. हळूहळू तो त्यांच्यातला होतो, गाव मिळून तालीम बांधतं, संस्थानचे राजे पंतसरकार येऊन जातात, आणि मग पाऊस दगा देतो आणि वाडी रिकामी होते. एवढंच. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटलं होतं, यात काही घडतच नाही.

चौतिसाव्या वर्षी पुन्हा वाचली. तेव्हा माझी स्वतःची नोकरी सुरू होऊन काही वर्षं झाली होती, आणि परक्या गावात लोकांचा विश्वास मिळवायला किती दिवस लागतात हे मला कळलेलं होतं. पहिल्या वेळी मी ज्याला ‘काही घडत नाही’ म्हटलं होतं तिथेच सगळं घडत होतं. मास्तर लोकांची पत्रं वाचून देतो, त्यांच्या भानगडी ऐकतो, कधी फसतो, कधी रागावतो. माणूस एखाद्या गावाचा कसा होतो, याचा इतका बारीक हिशेब मी दुसरीकडे वाचलेला नाही.

तिसरी गोष्ट माझी नाही, एका सभासदाची आहे. २०१३ च्या उन्हाळ्यात आमच्या बाजूला चारा छावण्या लागल्या होत्या. एक शेतकरी, चार जनावरं घेऊन छावणीवर मुक्कामाला, दर आठवड्याला एसटीने येऊन पुस्तक बदलून न्यायचा. मी त्याला ‘बनगरवाडी’ दिली. लहान आहे, लवकर संपेल म्हणून. त्याने ती तीन आठवडे ठेवली. परत देताना म्हणाला, “बाई, शेवटची पानं छावणीत वाचून दाखवली सगळ्यांना. कुणी बोललं नाही नंतर.” त्याच वर्षी बी.एड. करणाऱ्या एका मुलीने तेच पुस्तक नेलं होतं. तिला त्यातली शाळा हवी होती. आणि एक निवृत्त गृहस्थ दर दोन-तीन वर्षांनी ते नेत, कारण त्यातली बोली त्यांच्या आईची होती. पुस्तक एक, पण तिघांनी तीन वेगळी पुस्तकं वाचली.

असं का होत असावं याचा मी बराच विचार केला. माझ्या मते या पुस्तकात लेखक वाचकाच्या खांद्यावर हात ठेवून ‘बघ, किती करुण आहे’ असं कुठेही सांगत नाही. वाडी रिकामी होते ते तो जसं झालं तसं मांडतो. काय वाटून घ्यायचं ते तुमच्यावर सोडतो. जिथे लेखकाने सगळं सांगून टाकलेलं असतं तिथे दुसऱ्या वेळी जायला कारण उरत नाही. जिथे वाचकाला उभं राहायला जागा ठेवलेली असते तिथे वेगळ्या वयाचा, वेगळ्या दुःखाचा माणूस जाऊन उभा राहू शकतो.

दुसरं कारण भाषेचं. आमच्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ होती. हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं आणि ते पुरं होण्याआधीच, १९३६ साली, बाई गेल्या. त्याच काळातल्या कितीतरी कादंबऱ्या आमच्या कपाटात होत्या, त्या वेळी हातोहात गेलेल्या. आज त्यांचं एक पान वाचवत नाही, कारण नायक-नायिका अशा भाषेत बोलतात जी कुणाच्याच घरात कधी बोलली गेली नाही. लक्ष्मीबाईंना शाळेचं शिक्षण जवळजवळ नव्हतं. त्या जशा बोलत तशा लिहीत. वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आयुष्याची झालेली उलथापालथ, पुढे त्यांचं स्वतःचं धर्मांतर, हे सगळं त्या ओसरीवर बसून सांगाव्या तसं सांगतात. आमच्या महिला वाचक गटात आम्ही ते मोठ्याने वाचायचो. ज्या बायकांनी आयुष्यात पूर्ण पुस्तक वाचलं नव्हतं, त्या पुढच्या गुरुवारी काय होणार म्हणून विचारत यायच्या. म्हणून ‘जड म्हणजे क्लासिक’ हे मी अजिबात मान्य करत नाही. जडपणा बहुतेक वेळा त्या काळच्या फॅशनचा असतो, आणि सगळ्यात आधी तोच कालबाह्य होतो.

इथपर्यंत पुस्तकाच्या आतलं झालं. पण बाहेरही काही लागतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

लोक म्हणतात, ‘काळाच्या कसोटीवर उतरलं ते क्लासिक’. मीही पूर्वी हेच म्हणायचे. पण काळ काही करत नाही हो. कपाटात ठेवलेल्या पुस्तकाला काळ फक्त वाळवी लावतो. पुस्तक टिकतं ते कुणीतरी टिकवतं म्हणून. ज्ञानेश्वरी १२९० सालची. पुढे तीनशे वर्षं ती हाताने उतरवली जात राहिली, आणि उतरवताना पाठ बिघडत गेले, लोक आपल्या ओव्याही घुसडू लागले. १५८४ साली एकनाथ महाराजांनी जुन्या पोथ्या पाहून ती शुद्ध केली, आणि यापुढे हिच्यात कुणी आपली ओवी घालेल तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखं होईल, अशी तंबीही दिली. स्वतः एवढे मोठे कवी असून दुसऱ्याच्या ग्रंथासाठी त्यांनी हे संपादनाचं काम केलं. मला त्याबद्दल त्यांच्याविषयी विलक्षण आदर वाटतो. आज आपण जी ज्ञानेश्वरी वाचतो ती त्या कष्टांतून आपल्यापर्यंत आलेली आहे.

याच्या उलट ‘लीळाचरित्र’. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून तेराव्या शतकात केलेला हा गद्य ग्रंथ. साध्या बोलीतले छोटे छोटे प्रसंग, आजही ताजे वाटणारे. पण चक्रधरांच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत जपले, त्यामुळे पंथाबाहेरच्या मराठी माणसाला कित्येक शतकं ते वाचताच आले नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली तेव्हा कुठे बाहेरच्यांना कळलं की मराठी गद्य इतकं जुनं आणि इतकं जिवंत आहे. मधल्या सगळ्या काळात त्या ग्रंथाचा दर्जा काही कमी झालेला नव्हता. पंथाने तो जपला म्हणून तो राहिला, आणि कुणीतरी दार उघडलं म्हणून तो आपला झाला.

चित्रपटांचं तर याहून नाजूक आहे. पुस्तकाची एक प्रत कुठेतरी माळ्यावर सापडते, पण जुनी फिल्म पेट घ्यायची, सडायची, किंवा तिच्यातली चांदी काढायला विकली जायची. ‘आलम आरा’ हा १९३१ चा आपल्या देशातला पहिला बोलपट. त्याची आज एकही प्रत उपलब्ध नाही. तो क्लासिक होता का? या प्रश्नाला आता उत्तरच नाही. पुढच्याच वर्षीचा प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आपण पाहू शकतो, कारण तो वाचला. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. ते तीस वर्षं आधी सुरू झालं असतं तर आपल्या याद्या आज कदाचित वेगळ्या दिसल्या असत्या.

आता माझी चूक. २००४ साली आमच्याकडे जागा अपुरी पडू लागली आणि जुनी पुस्तकं निर्लेखित करायची, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाकायची ठरली. मी नियम केला: दहा वर्षांत ज्याच्या चिठ्ठीवर एकही तारीख नाही ते काढायचं. त्या गठ्ठ्यात विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ गेली. १९३९ सालची, त्यांची एकमेव कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांच्यातली हेर्टा आणि आपला चक्रधर विध्वंस. मी ती वाचलेली होती, मला ती आवडलेलीही होती, तरी मी नियम मोडला नाही. सहा-सात महिन्यांनी जहाजावर नोकरी करणारा एक मुलगा सुट्टीवर आला आणि त्याने नेमकी तीच मागितली. त्याच्या कुणा वरिष्ठाने सांगितलं होतं, बोटीवर घडणारी अशी एक मराठी कादंबरी आहे, वाच. मी दाखल नोंदवही काढली, शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘निर्लेखित’ लिहिलेलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या पुणे फेरीत मी स्वतः नवी प्रत घेतली आणि या वेळी ती मागच्या कपाटात न ठेवता टेबलाजवळच्या फळीवर उभी ठेवली. दोन वर्षांत ती नऊ जणांनी नेली. दहा वर्षं कुणी न नेलेली कादंबरी. आधीची प्रत सगळ्यात खालच्या फळीवर होती, अंधाऱ्या कोपऱ्यात, पाठीवरचं नाव पुसून गेलेलं. वाचकांनी तिला नाकारलेलं नव्हतं. ती त्यांना दिसलीच नव्हती, आणि ती जबाबदारी माझी होती. तेव्हापासून ‘हे काळाने बाजूला टाकलं’ असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, ते ठेवलं होतं कुठे?

इथूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. ठरवतं कोण? ज्याच्या हातात समोरची फळी असते तो बरंच काही ठरवतो. पाठ्यपुस्तक मंडळ, विद्यापीठ, प्रकाशक, समीक्षक, पुरवणीत यादी करणारा संपादक, आणि माझ्यासारखी ग्रंथपालसुद्धा. यांच्या आवडीनिवडी आणि त्यांचं आंधळेपण यादीत उतरतं. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. आमच्याकडे तिच्या तीन प्रती होत्या आणि तिन्ही सतत बांधणीला जायच्या, इतक्या फिरायच्या. दुष्काळात आपल्या माणसांच्या पोटासाठी सरकारी सत्तेला भिडणारा फकिरा आमच्या वाचकांना कुणी समजावून सांगावा लागत नव्हता. अण्णाभाऊंचं वाटेगाव काही फार लांब नाही, लोक त्या मातीतले. पण मी नोकरीला लागले तेव्हा ‘निवडक श्रेष्ठ कादंबऱ्या’ म्हणून ज्या याद्या माझ्या हाती येत, त्यांच्यात मला ‘फकिरा’ क्वचितच दिसायची. वाचकांचं आणि यादीवाल्यांचं जगच वेगळं होतं. आता तसं राहिलेलं नाही, पण त्याला किती वर्षं लागली ते पाहा. म्हणून यादीचा अनादर करू नका, पण ती कुणी केली आणि त्याच्या खिडकीतून काय दिसत नसावं, हे जरूर विचारा.

आता ‘बनवाबनवी’. तुमच्या मित्रांना माझा निरोप सांगा की एका ग्रंथपाल बाईंच्या मते ती क्लासिक आहे. कारणं देते. १९८८ चा हा चित्रपट ज्या कल्पनेवर उभा आहे, म्हणजे भाड्याने जागा मिळेना म्हणून दोघा पुरुषांनी बायकांच्या वेशात राहायचं, ती कल्पना १९६६ च्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटातून आलेली आहे. तोही नामवंत दिग्दर्शकाचा, हृषिकेश मुखर्जींचा. पण तो आज किती घरांत लावला जातो? म्हणजे नुसत्या कल्पनेने काम होत नाही. वसंत सबनीसांचे संवाद, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचं एकमेकांच्या श्वासावर चालणारं टायमिंग, आणि त्याखाली असलेली एक खरी चिंता, परक्या शहरात डोक्यावर छप्पर मिळवण्याची, ही सगळी इथे एकत्र आली.

आणि परत येण्याची कसोटी लावून बघा. नुसता चुटका दुसऱ्यांदा सांगितला की हसू येत नाही. इथे ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ हे वाक्य येणार हे तुमच्या आजीला माहीत आहे, भाचीला माहीत आहे, आणि तरी दोघी ते यायची वाट पाहतात. ते हसू चकित झाल्याचं नाही. ओळखीच्या ताना पुन्हा ऐकताना जे सुख होतं त्या जातीचं आहे ते. शिवाय तुमच्या भाचीच्या जन्माच्या कितीतरी आधीचा चित्रपट ती तोंडपाठ म्हणते आहे, आणि शाळेने तो तिला सक्तीने दाखवलेला नाही. विनोदाला आपल्याकडे नेहमीच खालच्या पंगतीत बसवलं गेलंय, त्याचं मला वाईट वाटतं. रडवण्यापेक्षा तीस वर्षं हसवणं सोपं आहे असं मला कधीच वाटलं नाही. त्यातले काही विनोद आजच्या मुलींना खटकतात, तेही मी ऐकलं आहे आणि ते योग्यच आहे. क्लासिक म्हणजे निर्दोष, असं मी म्हणत नाही.

याला जोडून ‘संत तुकाराम’बद्दल सांगायलाच हवं. १९३६ चा प्रभातचा चित्रपट, दुसऱ्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला. आम्ही तो दाखवला तेव्हा मला धास्ती होती. पडद्यावर रेघा, आवाज खरखरीत, आणि समोर कॉलेजची पंचवीस-तीस मुलं. पहिली दहा मिनिटं कुजबुज होती. मग जिजाई आली. घरात दाणा नाही, पोरं भुकेली, आणि नवरा असेल ते वाटून मोकळा होणारा. तिचा तो संताप, त्या शिव्या, आणि त्याखालची माया. मुलं शांत झाली. नंतर चर्चेत एक मुलगी म्हणाली, “मला तुकारामांपेक्षा त्यांची बायको जास्त खरी वाटली. माझी आई अशीच बोलते.” मागच्या रांगेतले माळकरी आजोबा मात्र तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा पाहून हात जोडून बसले होते. भक्तीच्या चित्रपटात प्रभातने भक्ताच्या बायकोची बाजू इतकी भक्कम उभी केली, म्हणूनच श्रद्धा असलेला आणि नसलेला असे दोघंही त्या खोलीत शेवटपर्यंत बसले.

आता कंटाळ्याबद्दल, कारण तुम्हाला खरं तर तिथेच मदत हवी आहे.

कंटाळा आला याचा अर्थ दर वेळी एक नसतो. कधी पुस्तक तुमच्या वयाचं नसतं, माझं ‘बनगरवाडी’चं झालं तसं. कधी बोली अनोळखी असते आणि पहिली वीस पानं कान तयार व्हायला लागतात. तेव्हा मनात न वाचता मोठ्याने वाचावं, फार फरक पडतो. कधी आवृत्तीच वाईट असते. बारीक टाइप, टिपा नाहीत, छपाई पुसट. जुन्या ग्रंथांच्या बाबतीत चांगल्या प्रस्तावनेची आणि शब्दार्थांची आवृत्ती घेणं ही चैन नाही, गरज आहे. आणि कधी पुस्तक खरोखरच कुणीतरी उगाच डोक्यावर घेतलेलं असतं. यांतलं नेमकं काय झालंय हे तुमची पुस्तकं आणि तुमचं वाचन पाहिल्याशिवाय मी सांगू शकत नाही.

मी सभासदांना एक गोष्ट सांगायचे. पुस्तक टाकताना पान क्रमांक आणि तारीख एका वहीत लिहून ठेवा, आणि शेजारी एका ओळीत कारण. ‘कळलं नाही’, ‘चिडले’, ‘झोप आली’, ‘पात्र खोटं वाटलं’. ‘कळलं नाही’ आणि ‘चिडले’ ही दोन कारणं असलेली पुस्तकं चार-पाच वर्षांनी पुन्हा उघडावीत. त्या पुस्तकांनी तुमच्यात कुठेतरी बोट लावलेलं असतं. ‘पात्र खोटं वाटलं’ असेल तर स्वतःवर विश्वास ठेवा आणि खुशाल सोडून द्या, यादी काहीही म्हणो. ‘झोप आली’ असेल तर बहुतेक वेळा दिवसभराच्या कामाचा दोष असतो. रविवारी सकाळी एकदा वाचून पाहावं.

एक मात्र करू नका. यादीच्या क्रमाने, एकामागून एक, कर्तव्य म्हणून वाचू नका. एक यादीतलं घेतलंत की पुढचं तुमच्या स्वतःच्या ओढीचं घ्या. जे आवडलं त्याचा धागा धरून मागे जा. ‘बनवाबनवी’ आवडते तर वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य पाहा, तिथून तमाशाच्या बतावणीकडे जा. यादीतली चार पुस्तकं ओढूनताणून संपवण्यापेक्षा अशा एका धाग्याने माणूस खूप लांब जातो. माझ्या वाचनालयातले सगळ्यात पक्के वाचक असेच तयार झाले. मी कुणालाही सक्तीने घडवू शकले नाही.

तुम्ही सोडलेल्या तीन पुस्तकांची नावं लिहिली नाहीत. ती कळवा, आणि कितव्या पानावर थांबलात तेही. बहुतेकांचा पाय कुठे अडकतो हे मला अनुभवाने माहीत आहे, त्यामुळे एखाद्याच्या बाबतीत ‘अजून पंधरा पानं धीर धरा’ म्हणेन, एखाद्याच्या बाबतीत ‘मधलं प्रकरण आधी वाचा’ म्हणेन, आणि एखादं कदाचित मीही पुरं केलेलं नसेल. तोवर तुमच्या जवळच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन ‘बनगरवाडी’ मागा. लहान आहे, दोन संध्याकाळी पुरतात. समोर नसेल तर खालच्या फळीवर शोधायला सांगा.